ताऱ्याला चिकटलेले गुरू: सरकत आलेले की फेकले गेलेले?

गुरूला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला जवळजवळ १२ वर्षं लागतात. ५१ पेगासी बी हा साधारण अर्ध्या गुरूच्या वस्तुमानाचा ग्रह आपल्या ताऱ्याभोवतीची फेरी सव्वाचार दिवसांत उरकतो. मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी तो १९९५ साली शोधला आणि २०१९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. असे शेकडो ग्रह आता माहीत आहेत. त्यांना ‘हॉट ज्युपिटर’ म्हणतात, मराठीत उष्ण गुरू म्हणू.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूत दुर्बीण लागली, गुरू आणि त्याचे चार चंद्र बघून झाले, की हा विषय निघतोच. एवढा मोठा गोळा ताऱ्याच्या इतका जवळ गेला कसा? मग कुणीतरी ‘तो लांब तयार झाला आणि नंतर आत सरकला’ असं सांगून मोकळा होतो. उत्तर चुकीचं नाही. पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. गंमत म्हणजे दोन्ही कल्पना १९९६ या एकाच वर्षी छापून आल्या: चकतीतून सरकण्याची डग्लस लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, फेकलं जाण्याची फ्रेडरिक रासिओ आणि एरिक फोर्ड यांची.

आधी लांब का तयार झाला ते. महाकाय ग्रहाला पृथ्वीच्या सुमारे दहापट वजनाचा गाभा लागतो, मग तो भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून घेऊ लागतो. ताऱ्याजवळ इतकं उष्ण असतं की बर्फ टिकत नाही आणि गाभ्यासाठी लागणारा ऐवजही थोडा असतो. ग्रह जागच्या जागीच घडला असं मानणारे अभ्यासक आहेत, पण बहुतेक उष्ण गुरूंच्या बाबतीत ते गणित जुळवणं अवघड जातं.

पहिली वाट चकतीची. कोवळ्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती असते. तिच्यात फिरणारा जड ग्रह सर्पिल लाटा उठवतो. बाहेरच्या बाजूच्या लाटा त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, काढून घेतात, आतल्या बाजूच्या थोडा परत देतात. हिशेब बहुधा तोट्याचा ठरतो आणि ग्रह आत आत सरकत जातो. ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राने चकतीचा अगदी आतला भाग पोखरून रिकामा केलेला असतो, तिथे पोचल्यावर ओढणारा वायूच उरत नाही म्हणून ग्रह थांबतो. हे सगळं चकती शाबूत आहे तोवरच, म्हणजे फार तर काही दशलक्ष वर्षांत, उरकावं लागतं. प्रवास शांतपणे होतो. कक्षा गोल राहते, चकतीच्या पातळीतच राहते आणि शेजारचे लहान ग्रह वाचू शकतात.

दुसऱ्या वाटेवर कसलीच शांतता नाही. चकती कधीच विरून गेलेली असते. ग्रह आपल्या जागी फिरत असतो आणि मग काहीतरी बिनसतं. दोन महाकाय ग्रह एकमेकांच्या फार जवळून जातात, एक बाहेर भिरकावला जातो आणि दुसऱ्याची कक्षा काकडीसारखी लांबट होते. किंवा लांबवर एखादा जोडतारा तिरक्या कक्षेत असतो आणि त्याच्या ओढीने ग्रहाची कक्षा हळूहळू ताणली जाते, पुन्हा गोल होते, पुन्हा ताणली जाते. ही कोझाई आणि लिडोव्ह यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रिया. त्यांनी ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लघुग्रह आणि कृत्रिम उपग्रहांसाठी मांडली होती. लांबट कक्षेतला ग्रह दर फेरीत ताऱ्याच्या अंगाशी येऊन जातो, आणि इथे भरती-ओहोटीचं काम सुरू होतं.

भरती-ओहोटी आपल्याला शिकवायला नको. बेतीच्या फेरीधक्क्यावर ओहोटीला उताराचा शेवाळलेला हिरवा पट्टा उघडा पडतो आणि उधाणाला तो पुरता बुडतो. मांडवीच्या तळाशी घासताना पाण्याची जी ऊर्जा खर्ची पडते, ती शेवटी पृथ्वीच्या फिरण्यातून आलेली असते. नदीचा वाटा अगदी नगण्य, पण हिशेब तोच. लांबट कक्षेतल्या ग्रहावर मात्र पाणी नव्हे, सगळा ग्रहच भरतीसारखा ताणला जातो. ताऱ्याजवळ आला की ताणायचा, लांब गेला की सैल पडायचा. या घुसळणीत तापून जी उष्णता बाहेर पडते तिची किंमत कक्षेला मोजावी लागते. लांबचं टोक दर फेरीला थोडं आत येतं, कोनीय संवेग मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे कक्षा शेवटी गोल होते ती आधीच्या सर्वांत जवळच्या अंतराच्या साधारण दुप्पट अंतरावर. याला अब्जावधी वर्षंही लागू शकतात.

हे अर्ध्यावर असलेलं बघायचं तर एचडी ८०६०६ बी घ्या. त्याची फेरी १११ दिवसांची. लांबच्या टोकाला तो ताऱ्यापासून ०.८७ खगोलीय एककांवर, म्हणजे जवळजवळ पृथ्वी-सूर्य अंतराएवढा दूर, आणि जवळच्या टोकाला ०.०३ वर. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने त्याला या जवळच्या वळणावर गाठलं, तेव्हा सहा तासांत त्याचं तापमान सुमारे ८०० केल्विनवरून १५०० वर चढलं. आणि हो, त्याच्या ताऱ्याला एक जोडतारा आहे. २०२४ साली टीआयसी २४१२४९५३० बी हा असाच एक ग्रह जाहीर झाला: गुरूच्या पाचपट वजनाचा, विकेंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा, गोल कक्षेला शून्य) ०.९४, तारा स्वतःभोवती फिरतो त्याच्या उलट दिशेने फेऱ्या मारणारा, आणि त्यालाही जोडतारा. असल्या ग्रहाला चकतीने हळुवार आत आणून सोडलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण कक्षा एकदा गोल झाली की दोन्ही वाटांचे ग्रह वरून सारखेच दिसतात. तीनचार दिवसांची फेरी, तापलेला, फुगलेला गोळा. मग ओळखायचं कसं?

शेजाऱ्यांवरून पहिला अंदाज येतो. लांबट कक्षेतला महाकाय ग्रह आत घुसला तर वाटेतले लहान ग्रह जागेवर राहणं कठीण. बहुतेक उष्ण गुरू खरोखरच एकटे सापडतात. वास्प-४७ हा ठळक अपवाद: तिथल्या उष्ण गुरूच्या आत १९ तासांची फेरी मारणारा एक लहान ग्रह आहे आणि बाहेर नऊ दिवसांची फेरी मारणारा आणखी एक. ही मंडळी चकतीतूनच आली असणार.

दुसरी खूण कलाची. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याची आधी आपल्याकडे येणारी कड झाकतो की दूर जाणारी, यावरून त्याची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताला किती तिरकी आहे ते कळतं. २००९ साली वास्प-१७ बी उलटा फिरताना सापडला तेव्हा नुसत्या चकतीवर भिस्त ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. पण ही खूण पुसलीही जाते. गाडीच्या चाकांना तांबडी माती असली की ती डिचोलीच्या नाहीतर सांग्याच्या खाणपट्ट्यातून आली असणार एवढं कळतं. वाटेत पावसाची सर लागली तर तेवढंही कळत नाही. जोशुआ विन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की तिरक्या कक्षा मुख्यतः ६२५० केल्विनहून उष्ण ताऱ्यांभोवती सापडतात. त्याहून थंड ताऱ्यांचा बाहेरचा थर उकळत्या पेजेसारखा घुसळत असतो, त्यात भरतीची क्रिया जोरात चालते आणि ताऱ्याचा अक्ष ग्रहाच्या कक्षेशी जुळवून घेतला जातो. म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा सरळ उष्ण गुरू दिसला म्हणून तो शांत वाटेने आला असं ठरवता येत नाही. ही चूक मी भल्याभल्यांना करताना ऐकलं आहे.

माझा कौल विचाराल तर बहुतेक उष्ण गुरू दुसऱ्या वाटेचे, आणि वास्प-४७ सारखे थोडे पहिल्या. आपल्या देशातलाच एक पुरावा याच बाजूला झुकतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने माउंट अबूवरून २०२३ साली टीओआय-४६०३ बी मोजला: आकाराने जवळजवळ गुरूएवढा, वजनाने मात्र सुमारे १३ पट, फेरी सव्वासात दिवसांची. त्याची विकेंद्रता अजून ०.३ च्या आसपास आहे आणि त्याच ताऱ्याभोवती बाहेर एक तपकिरी बटूही (ग्रहाहून जड, पण ताऱ्याएवढा नसलेला गोळा) आहे. कक्षा गोल व्हायचं काम तिथे अजून संपलेलं नाही असाच त्याचा अर्थ लावला जातो.

एकदा पोचल्यावर मात्र दोघांचं भवितव्य वेगळं नसतं. आपला चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब जातो, कारण पृथ्वी त्याच्या फेरीपेक्षा वेगाने स्वतःभोवती फिरते आणि भरतीचा फुगवटा त्याला पुढे ओढतो. उष्ण गुरूंचं नेमकं उलटं. तारा सावकाश फिरतो, ग्रह झपाट्याने, त्यामुळे ताऱ्यावर उठलेला फुगवटा मागे पडतो आणि ग्रहाला मागे खेचतो. वास्प-१२ बी एक फेरी २६ तासांत मारतो आणि तो काळ दरवर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी कमी होतो आहे. याच दराने तीसेक लाख वर्षांच्या आत तो ताऱ्यात जाईल, कुठल्याही वाटेने आलेला असो.