काळोखात उमटणारी फुली

सोलापूरच्या माणसाला दगड म्हटलं की बेसाल्टच आठवतो, थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ. भुईकोट किल्ल्याच्या तटात तोच, विहीर खणताना पहारीला खणकन लागतो तोही तोच. भूशास्त्राचे विद्यार्थी त्याचा पातळ काप पोलरायझिंग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याच यंत्राखाली मी पहिल्यांदा समुद्राच्या गाळाची काचपट्टी ठेवली.

पट्टी बनवणं सोपं. मोहरीएवढा गाळ, पाण्याचा थेंब, आणि दात कोरायच्या काडीनं काचेवर पातळ सारवण. वाळलं की वर पातळ काच चिकटवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि हजारपट मोठं करून बघायचं. साध्या उजेडात नुसते पुसट ठिपके. पोलरायझर म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा उजेड जाऊ देणारी गाळणी. दुसरा पोलरायझर पहिल्याला आडवा सरकवला आणि सगळं काळंकुट्ट झालं. त्या काळोखात चिमुकल्या चकत्या लखलखत होत्या, प्रत्येकीवर एक काळी फुली.

हे कोकोलिथ. समुद्रात तरंगणारी एकपेशीय शैवालं अंगाभोवती कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाच्या, अशा ढाली घडवतात. बहुतेक ढाली दोन ते वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ढालीत स्फटिक चक्रासारखे मांडलेले असतात. ज्यांचा अक्ष पोलरायझरच्या दिशेशी जुळतो ते विझतात, तीच फुली. वाटोळी चकती सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या मंचाबरोबर फिरते, फुली मात्र जागची हलत नाही. फुलीचे हात सरळ की भोवऱ्यासारखे वळलेले, मधलं छिद्र मोकळं की त्यावर आडवा पूल, कड लंबगोल की गोल, एवढ्या खुणांवरून जात ओळखतात.

डिस्कोअ‍ॅस्टरचं उलटं. हे चांदणीसारखे जीवाश्म. त्यांचा अक्ष थेट डोळ्याकडे उभा असतो, म्हणून ते काळोखात जवळपास दिसतच नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या हातून ते सगळे सुटले. साध्या उजेडात चांदण्यांचे हात मोजायचे असतात हे नंतर कळलं. सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी शेवटची चांदणी संपली. त्यामुळे गाळात ती मुळातलीच असेल, जुन्या थरातून वाहून आलेली नसेल, तर थर त्याहून जुना.

आपल्या कातळात हे जीव नाहीत, पण त्याचं वय ठरवायला असलेच सूक्ष्म जीव कामी येतात. दख्खनचा लाव्हा पार आंध्रातल्या राजमुंद्रीपर्यंत पोचला. तिथे लाव्हाच्या थरांमध्ये समुद्राचा गाळ अडकलाय, आणि त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून लाव्हाचा काळ बांधता येतो. तो काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. तेव्हा कोकोलिथ घडवणाऱ्या बहुतेक जाती नाहीशा झाल्या. त्या सीमेच्या खालच्या थरात प्रकार मोजून संपत नाहीत, वरच्या थरात मोजकेच उरतात. उरलेल्यांत पाच तुकड्यांचा नेटका पंचकोन दिसतो, ब्रारुडोस्फेरा. तो आजही समुद्रात आहे.