जुनापाणीची शिळावर्तुळे आणि पुरातत्त्वाची पदवी

काटोल रोडने नागपूर मागे पडले की जुनापाणीच्या माळावर काळ्या दगडांची वर्तुळे दिसू लागतात. थोडीथोडकी नव्हेत, सुमारे 300. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात इथे वावरणाऱ्या लोहयुगीन लोकांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. काही दगडांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत आणि ते कशासाठी, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. एवढे सगळे वेशीवर असताना बारावीनंतर किंवा पदवीनंतर पुरातत्त्व शिकायचा विचार नागपूरच्या फार थोड्या घरांत होतो, याची मला खंत वाटते.

या शास्त्राचा सगळा डोलारा एका प्रश्नावर उभा आहे: वस्तू नेमकी कुठे सापडली? अकीकाचा मणी नुसता हातात आला तर तो सुंदर आहे, यापलीकडे काही कळत नाही. तोच मणी कोणत्या थरात होता, शेजारी कोणते खापर होते, चुलीची राख किती अंतरावर होती, हे नोंदलेले असेल तर त्याचा काळ सांगता येतो आणि तो वापरणाऱ्यांबद्दलही बोलता येते. म्हणून विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकवतात ते चौकोनी खड्डा आखणे, माती पातळ पापुद्र्याने काढणे आणि खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर दिसणारे थर कागदावर उतरवणे. थरातला कोळसा प्रयोगशाळेत जातो. त्यातला किरणोत्सारी कार्बन 5,730 वर्षांत निम्मा होतो. उरलेल्या प्रमाणावरून झाड कधी मेले, ते काढतात.

विदर्भात या कामाला एक वेगळीच अडचण आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते. वरचा मणी, खापराचा तुकडा त्या भेगेतून खाली उतरतो, पावसाळ्यात माती फुगून भेग बुजते, आणि अलीकडची वस्तू जुन्या थरात जाऊन बसते. ही फसवणूक ओळखायची तर मातीचा स्वभाव ठाऊक हवा. भूशास्त्र शिकलेला विद्यार्थी इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याइतकाच, कधी कधी त्याहून अधिक, उपयोगी पडतो.

नागपूरजवळचे माहूरझरी घ्या. डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली शिळावर्तुळे उकरली, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले. घोड्यांचे लोखंडी लगाम होते, तांब्याचे दागिने होते. पारशिवनीजवळच्या नैकुंडला लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष आणि लोहमळी (लोखंड गाळताना उरणारा मळ) मिळाली. आता हाडे ओळखायला प्राणिशास्त्र लागते, मळी तपासायला धातुशास्त्र, जळलेले धान्य ओळखायला वनस्पतिशास्त्र. बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींनी हा विषय आपला नाही असे मुळीच समजू नये. एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते.

नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व असा स्वतंत्र विभाग आहे. प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांचे वाचन करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या परंपरेचा पाया घातला. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप 1969-70 मध्ये विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उजेडात आणला. आणि हे सगळे जुने झाले असेही नाही. रामटेकजवळच्या नगरधनला गेल्या दशकात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केले. तिथे वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. तोवर ही राणी आपल्याला पुणे आणि ऋद्धपूरच्या ताम्रपटांतून भेटत होती. आता ती नगरधनच्या, म्हणजे वाकाटकांच्या राजधानीच्या, मातीतही भेटली. ब्राह्मी लिपी वाचता येणारा माणूस अशा वेळी किती मोलाचा ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

नोकरीचे काय, हे आईवडील विचारतातच, आणि विचारावेच. सरळ सांगायचे तर सरकारी जागा मोजक्या आहेत आणि जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची वरची पदे संघ लोकसेवा आयोगातून भरतात. सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडा इथली संस्था दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका देते, आणि प्रत्यक्ष उत्खननाचे शिक्षण त्यात भरपूर असते. राज्याचे पुरातत्त्व खाते आहे, वस्तुसंग्रहालये आहेत (आपला अजब बंगला 1863 पासूनचा), नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास अध्यापन आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणाऱ्या संस्थांना आणि वास्तुविशारदांनाही वास्तूंची नीट नोंद करणे जाणणारी माणसे लागतात.

माझ्या मते पुढची खरी गरज नकाशांची आहे. शहर चहूबाजूंनी पसरते आहे. रस्ता, खाण, ले-आउट यांच्या वाटेत येणारे शिळावर्तुळ बुलडोझरवाल्याला दगडांचा ढीग वाटते. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने मनाई आहे, पण ज्याची नोंदच नाही त्याला हे कवच मिळत नाही. उपग्रहचित्रे वाचून, शिवारात पायी फिरून, जीपीएसवर प्रत्येक वर्तुळाची जागा टिपणे हे काम विद्यार्थी पहिल्या वर्षापासून करू शकतात. भूमाहिती प्रणालीचे (जीआयएस), म्हणजे नकाशावर माहिती मांडण्याचे, सॉफ्टवेअर शिकलेल्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला तर सर्वेक्षण आणि नियोजनाच्या क्षेत्रांतही काम मागता येते.