इंजिनाची वजनकपात (हौशी विमानबांधणी)

इंजिनाची वजनकपात म्हणजे स्वतःच्या हाताने बांधलेल्या छोट्या विमानात इंजिन आणि त्याच्या जोडभागांचे वजन घटवण्याचे काम. ते तीन तऱ्हांनी होते : मुळातच हलका भाग निवडणे, गरज नसलेला भाग काढून टाकणे, आणि बसवलेल्या भागातला धातू उतरवणे. या तिन्हींतला धोका सारखा नाही. पहिल्या दोन तऱ्हांत चूक झाली तरी ती बहुधा जमिनीवरच लक्षात येते. तिसऱ्या तऱ्हेतली चूक कित्येक तासांच्या उड्डाणानंतर, हवेत उघडी पडते. म्हणून हौशी बांधणाऱ्याने कानस सर्वांत शेवटी हातात घ्यावी.

हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंना पुरेसे हलके इंजिन कोणी बनवून देईना, तेव्हा त्यांच्या दुकानातले यांत्रिक चार्ली टेलर यांनी ते तिथेच बनवले. त्याचा क्रँककेस (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा ज्यात बसतो ते कवच) ॲल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रधातूत ओतलेला होता. 1903 मध्ये जे उडाले ते सुमारे 12 अश्वशक्तीचे हेच इंजिन. पुढे 1929 मध्ये बर्नार्ड पीटनपोल यांनी आपल्या ‘एअर कॅम्पर’ या छोट्या विमानाला फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन बसवले. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, शंभर किलोंहून जास्त वजन, चालकापुढे उभा केलेला पाण्याचा रेडिएटर आणि शक्ती जेमतेम 40 अश्वशक्ती. खास विमानासाठी बनवलेल्या काँटिनेंटल ओ-200 चे घनफळ जवळपास तेवढेच, 3.3 लिटर, पण ते 100 अश्वशक्ती देते आणि कोरडे वजन सुमारे 77 किलो. रोटॅक्स 912 ने दुसरीच वाट धरली. 1.2 ते 1.35 लिटरचे छोटे इंजिन मिनिटाला 5800 फेऱ्यांपर्यंत पळवायचे आणि गिअर लावून विमान ओढणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) वेग उतरवायचा. त्याच्या सिलिंडरांत लोखंडी लायनर (आतले अस्तर) नाही. ॲल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर आहे. त्याचे 100 अश्वशक्तीचे रूप कोरडे सुमारे 57 किलो भरते. मात्र ‘कोरडे वजन’ या शब्दावर फार विसंबू नये. त्यात तेल नसते, रेडिएटर नसतो, नळ्या आणि पाणी नसते, आणि बऱ्याचदा एक्झॉस्टही धरलेला नसतो. दोन इंजिनांची तुलना करायची तर फायरवॉलच्या (इंजिन आणि चालक यांच्यामधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढचे सगळे सामान काट्यावर ठेवूनच करावी.

काढून टाकण्याच्या तऱ्हेचे उत्तम उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन. त्याचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षाही सुमारे एक तृतीयांश हलका. विमानात समोरून वारा आपसूक येतो, तेव्हा थंड करणारा पंखा आणि त्याभोवतीचे पत्रे निघतात. क्लच निघतो. विमानाचा पंखा थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसवला, तर जड फ्लायव्हीलही निघते, कारण फिरत्या पंख्याचे जडत्व तेच काम करते. इथेच एक बारीक जागा आहे. शाफ्टचे पुलीकडचे टोक मुळात फक्त पट्ट्याची पुली सांभाळण्यासाठी केलेले; ते बारीक, आणि त्याच्याजवळचे बेअरिंगही अरुंद. त्यावर पंखा लावला की विमान नाक वर-खाली करताना पंख्याचा घूर्णी जोर त्या टोकाला वाकवू पाहतो. म्हणून तिथे हब (पंखा बसवायचा मधला तुकडा) गरम करून घट्ट बसवतात, किंवा पंखा फ्लायव्हीलच्या दणकट टोकाला लावतात. विमानात बसवलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार घडल्यावर शाफ्टला नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करण्याची प्रक्रिया) करणे आणि चार मुख्य बेअरिंगांच्या जोडीला पंख्याकडे पाचवे बसवणे रूढ झाले. म्हणजे वजन वाढवले गेले, आणि ते योग्यच होते.

सर्वांत स्वस्त आणि निर्धोक बचत जोडभागांत असते. जुन्या धर्तीचा स्टार्टर आठ किलोंच्या आसपास भरतो. गिअर असलेला नवा त्याच्या साधारण निम्मा. शिशाची बॅटरी सात किलोंची असेल, तर तेच काम करणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची दोन किलोंत बसते. मात्र तिला इंजिनाची धग सोसत नाही आणि जादा चार्जिंगपासून जपणारे सर्किट लागते. बॅटरी मागे शेपटीकडे असेल तर केबलकडेही पाहावे. 33 चौरस मिलिमीटर छेदाच्या केबलमध्ये मीटरमागे 300 ग्रॅम तांबे असते. चार मीटरची एक तार म्हणजे सुमारे 1.2 किलो, आणि विमान लाकडी असेल तर परतीची तारही वेगळी ओढावी लागते. लाकडी पंखा धातूच्या पंख्याच्या साधारण निम्म्या वजनाचा असतो. पण तो हलका म्हणजे जडत्वही कमी. मंद गतीवर इंजिन धडधडते, चालू करताना उलटा झटका बसू शकतो, आणि हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगते-आकसते म्हणून बोल्टांचा ताण पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. फ्लायव्हील आणि पंखा दोन्ही एकदम हलके केले तर शाफ्टच्या पिळाच्या कंपनांची वारंवारताच बदलते. इंजिन बनवणाऱ्याने तपासलेल्या जोडीबाहेर अशी बचत करू नये.

आता कानशीचे काम. मिनिटाला 2500 फेऱ्या म्हणजे तासाला दीड लाख. 67 तासांत एक कोटी फेऱ्या होतात. पोलादाला शिणवट्याची (पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकण्याची) एक मर्यादा असते : ताण तिच्याखाली राहिला तर भाग जवळजवळ अमर्याद काळ टिकतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण कमी असला तरी फेऱ्यांचा हिशेब चालूच राहतो. त्यातच ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडले की भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो. अल्टरनेटरच्या (वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) ब्रॅकेटला ‘वजन कमी करायला’ पाडलेली भोके नेमकी याच कारणाने घातक ठरतात. अल्टरनेटर पुढे लोंबता असतो, इंजिन थरथरते, आणि भोकाच्या कडेवर ड्रिलने सोडलेला नखभर ओरखडा तड्याची सुरुवात बनतो. भोक पाडायचेच असेल तर ते ब्रॅकेटच्या कडेपासून आणि वाकणीपासून लांब, कमी ताणाच्या जागी पाडावे. दोन्ही तोंडांची धार मोडावी आणि आतली भिंत बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करावी. आतल्या कोपऱ्यांना गोलाई हवीच. काटकोन ठेवू नये.

क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट आणि पंख्याचे हब यांना हात लावू नये. पिस्टन आणि रॉड यांची वजने ग्रॅमच्या अंशापर्यंत आपसांत जुळवणे मात्र चांगले काम आहे, आणि त्यासाठी रॉडवर मुद्दाम ठेवलेल्या जादा धातूच्या पट्टीतूनच घासून काढतात. 34.5 मिलिमीटर क्रँकत्रिज्येच्या इंजिनात 3000 फेऱ्यांना 100 ग्रॅमचा फरक सुमारे 35 किलोंच्या जोरासारखा हिसका देतो. तो गेला की इंजिनाचा आवाजच बदलतो.

आगीशी संबंध असलेल्या भागांत काटकसर करू नये. फायरवॉलसाठी लहान विमानांच्या अमेरिकी नियमांत 2017 पर्यंत 0.38 मिलिमीटर स्टेनलेस पत्रा किमान मान्य जाडी म्हणून दिलेला होता; त्याजागी ॲल्युमिनियम लावले तर ते 660 अंशांना वितळते, आणि पेट्रोलची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. इंजिन माउंट (इंजिन पेलणारा सांगाडा) बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादी नळ्यांचे असते, त्याचे हेही एक कारण. एक्झॉस्ट पातळ नळीचा केला तर तडा लवकर जातो, आणि केबिन त्याच्याच उष्णतेवर गरम होत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट चालकापर्यंत पोहोचतो.

वाचवलेला प्रत्येक किलो विमानाचा तोलही बदलतो, आणि उत्साहाच्या भरात हे सर्वांत जास्त विसरले जाते. 500 किलोंच्या विमानात गुरुत्वमध्यापासून 1.2 मीटर पुढे असलेले 10 किलो काढले, तर गुरुत्वमध्य सुमारे 24 मिलिमीटर मागे सरकतो. तो मागच्या मर्यादेबाहेर गेला तर विमान चंचल होते आणि गिरकीतून बाहेर काढणे अवघड जाते. म्हणून हलके इंजिन बसवताना माउंट लांब करतात किंवा बॅटरी फायरवॉलवर आणतात. विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या 1975 मधल्या व्हेरीईझ विमानात गणित उलटे आहे. तिथे इंजिन मागे आहे, त्यामुळे स्टार्टर लावला की मागचा भार वाढतो आणि नाकात वजन भरावे लागते. म्हणूनच त्या विमानाची मूळ रचना स्टार्टरशिवायची होती. नाक जमिनीला टेकवून ठेवायचे आणि पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचे.

बदल झाल्यावर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान पुन्हा तोलतात आणि पहिली चाचणी उड्डाणे एकट्याने करतात. अमेरिकेत प्रमाणित इंजिन-पंखा जोडीसाठी 25 आणि इतर जोडीसाठी 40 तासांचा चाचणीकाळ रूढ आहे. या काळात हलके केलेले ब्रॅकेट उतरवून स्वच्छ करतात, तडा शोधण्यासाठी त्यावर लाल भेदक रंग (तड्यात शिरणारा) फासून पुसतात आणि वर पांढरी पूड फवारतात. भोकाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली, तर तो तुकडा वेल्डिंगने सांधत नाहीत. तो टाकून जाड पत्र्याचा नवा करतात.