होज आणि शिडीची कवायत: ती आली कुठून?

अग्निशमन दलात भरती झालेल्या नव्या जवानाला पहिले कित्येक दिवस आग दिसतच नाही. दिसतो तो गुंडाळलेला होज, म्हणजे पाणी नेणारी लवचिक नळी, आणि मैदानातली शिडी. होज उलगडा, जोडा, पाणी भरा, रिकामा करा, पुन्हा गुंडाळा. शिडी चौघांनी उचला, उभी करा, चढा, उतरा, खाली घ्या. बघणाऱ्याला ही शाळेतली पीटी वाटेल. पण यातल्या बऱ्याच नियमांमागे कुठली ना कुठली फसलेली झुंज आहे.

साधने आधी आली, कवायत फार नंतर. 1666 मध्ये लंडन जळाले तेव्हा लोकांच्या हाती चामड्याच्या बादल्या, हातपंप, शिड्या आणि शेजारची घरे ओढून पाडण्यासाठी लांब आकडे होते. पंपाची तोटी पंपावरच बसवलेली असे. त्यामुळे पंप जळत्या घरासमोर आणायचा आणि रस्त्यावरून खिडकीच्या दिशेने पाणी फेकायचे, एवढेच शक्य होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या यान व्हान डर हायडेनने हे चित्र बदलले. हा माणूस पेशाने चित्रकार, शहरातली घरे आणि कालवे रंगवणारा. 1672 च्या सुमारास त्याने भावाच्या मदतीने चामडे शिवून लवचिक होज तयार केला. आता पंप कालव्याकाठी राहू शकत होता आणि तोटी धरलेला माणूस थेट आगीपाशी जाऊ शकत होता. 1690 मध्ये त्याने जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी मांडून दाखवणारे सचित्र पुस्तकही काढले.

तरी पुढची जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेक शहरांत आग रस्त्यावरूनच विझवली जात राहिली. एक कारण साधे होते: शिवलेले चामडे दाबाखाली शिवणीवर उसवते. 1807 च्या सुमारास फिलाडेल्फियात शिवणीऐवजी तांब्याचे रिव्हेट मारले जाऊ लागले आणि ती अडचण बरीच सुटली. दुसरे कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचे आहे. होज घेऊन आत शिरायला शिकवलेली माणसेच नव्हती. आगीवर धावत ते विमा कंपन्यांचे नोकर, स्वयंसेवक आणि जमलेली गर्दी. हुकूम कोणाचा, हेही ठरलेले नसे.

ते ठरले स्कॉटलंडमधल्या एडिंबरोमध्ये. 1824 मध्ये तिथे नगराचे अग्निशमन दल उभे राहिले आणि जेम्स ब्रेडवूड या अवघ्या चोविशीतल्या तरुणाकडे ते सोपवले गेले. पुरती तयारी होण्याआधीच नोव्हेंबरमध्ये शहराला भीषण आग लागली. जो तो अधिकारी आपापले हुकूम सोडत होता आणि दलाचे हात बांधले गेले. त्यानंतर आगीच्या जागी एकाचाच शब्द चालेल, असे ठरले. ब्रेडवूडने माणसेही विचारपूर्वक निवडली: छपरावर वावरणारे स्लेटकाम करणारे, घराचा सांगाडा ओळखणारे सुतार आणि गवंडी, शिवाय लोहार आणि प्लंबर. आठवड्यातून एकदा पहाटे 4 वाजता तो त्यांना मैदानात उतरवी. आगी रात्री लागतात, तेव्हा कपलिंग (होजची टोके एकमेकांना जोडणारा सांधा) अंधारात चाचपून जोडता आलेच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पाण्याची धार धुरावर वाया घालवायची नाही, ती जळत्या वस्तूवरच पडली पाहिजे आणि त्यासाठी आत शिरायला हवे, हा त्याचा आग्रह होता. हे मान्य केले की जिना, खिडकी, छप्पर या सगळ्या वाटांनी होज नेण्याचा सराव आपोआप गरजेचा होतो. 1830 मध्ये त्याने हे पुस्तकात मांडले, 1833 मध्ये तो लंडनला गेला आणि 1861 मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या जागी आलेल्या आयर मॅसी शॉने खलाशांना पसंती दिली. दोर, उंची, रात्रपाळी आणि शिस्त या चारही गोष्टी त्यांच्या अंगात मुरलेल्या असत.

होजसाठी एवढा सराव का, हे आकड्यांतून पटकन कळते. 63 मिलिमीटर व्यासाचा, 15 मीटर लांबीचा होज भरला की आत सुमारे 47 लिटर पाणी असते, म्हणजे होजचे स्वतःचे वजन सोडून 47 किलो. भरलेला होज जिन्याच्या वळणावर ओढणे एकट्याचे काम नाही. 20 मिलिमीटरच्या नोझलमधून, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीतून, 5 बार दाबाने पाणी सुटले की मागे रेटणारा जोर 32 किलोच्या घरात जातो. म्हणून नोझल धरणाऱ्याच्या मागे दुसरा जवान हवा आणि म्हणूनच नोझल झटक्यात उघडू किंवा बंद करू देत नाहीत. अचानक बंद केले तर पाण्याचा आघात उलटा फिरून होज फोडतो, कधी पंपापर्यंत पोचतो.

कॅनव्हासचे होज आले तेव्हा ते वाळवायला उंच मनोरे लागले, नाहीतर कुजत. त्याच मनोऱ्यांवर शिडीचा सराव सुरू झाला. पुढे कृत्रिम धाग्यांचे होज आले, वाळवण्याची गरज उरली नाही, मनोरे मात्र सरावासाठी राहिले.

शिडीची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. लंडनमध्ये 1830 च्या दशकात अब्राहम विवेलने चाकांवरची सुटका-शिडी केली, तर जर्मनीतल्या उल्ममध्ये कॉनराड मागिरुसच्या कारखान्याने 1892 मध्ये फिरत्या बैठकीची शिडी बाजारात आणली. पण इमारती शिड्यांपेक्षा वेगाने वाढत होत्या. 1902 मध्ये लंडनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या कारखान्याला आग लागली, वरच्या मजल्यावरच्या तरुण कामगार मुलींपर्यंत शिडी पोचली नाही आणि त्यांतल्या काही जणी दगावल्या. त्यानंतर लंडनने हुक लॅडर स्वीकारली. पॅरिसमध्ये ती आधीपासून होती, सेंट लुइसमध्ये 1877 च्या हॉटेलच्या आगीनंतर पोचली होती. चारेक मीटरची हलकी शिडी, टोकाला दातेरी आकडा. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे, शिडी वरच्या कट्ट्याला अडकवायची, चढायचे, पुन्हा तेच. प्रत्यक्ष सुटकेसाठी ती क्वचितच लागली असेल, पण छाती तपासायला तिच्यासारखे साधन नाही, म्हणून ब्रिटनमध्ये ती 1980 च्या दशकापर्यंत टिकली. मला हा हट्टच वाटतो. साध्या शिडीचा पाया उंचीच्या चौथ्या भागाइतका भिंतीपासून दूर, म्हणजे सुमारे 75 अंशांचा कोन, आणि खाली पाय रोवलेला माणूस, एवढे अचूक जमणे जास्त जीव वाचवते.

आणखी एक धडा कपलिंगचा. फेब्रुवारी 1904 मध्ये बाल्टिमोर जळत असताना शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांचे होज तिथल्या हायड्रंटना, म्हणजे आगीसाठी रस्त्यावर ठेवलेल्या नळांना, बसेनात. आटे वेगळे! दीड हजाराहून अधिक इमारती गेल्या. प्रमाणित आट्यांचे नियम त्यानंतर आले. गुइडो स्टोर्झने 1882 मध्येच दोन्ही टोके सारखी असणारे कपलिंग काढले होते, ज्यात कोणते टोक आत घुसणारे (मेल) आणि कोणते त्याला सामावणारे (फिमेल) हा प्रश्नच उरत नाही. ब्रिटनमध्ये एकसारखी साधने आणि एकसारखी कवायत 1941 मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा स्थापन झाल्यावर रुजली. त्याआधी प्रत्येक गावाचे दल आपापल्या पद्धतीने चाले, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात एका गावचे जवान दुसरीकडे गेले की गोंधळ होई.

अमेरिकेत जवानाला किमान काय आले पाहिजे याचे राष्ट्रीय मानक 1974 मध्ये आले. सरावातही माणसे मरतात, याची दखल त्यानंतर घेतली गेली: 1982 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला प्रशिक्षणासाठी लावलेल्या आगीत दोन जवान दगावले आणि 1986 मध्ये खऱ्या आगीवरच्या सरावासाठी वेगळे मानक आले. भरलेला होज सज्ज असल्याशिवाय आणि बाहेर पडायच्या वाटा दाखवून दिल्याशिवाय आता सरावाची आग पेटवता येत नाही.