रॉ छायाचित्रांचे संस्करण

रॉ छायाचित्रांचे संस्करण : अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकाने केलेली प्रकाशाची मूळ नोंद संगणकावर उघडून तिच्यापासून पाहण्याजोगे व छापण्याजोगे चित्र सिद्ध करण्याची प्रक्रिया. रोमन लिपीत ‘रॉ’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिण्याची रूढी पडल्यामुळे ती कोणत्या तरी संज्ञेची आद्याक्षरे असावीत, असा समज आढळतो. वस्तुतः ते ‘कच्चे’ या अर्थाचे साधे विशेषण आहे. मराठीत या प्रक्रियेला संपादन, प्रक्रिया, संस्करण असे निरनिराळे शब्द योजले जातात. खानदेशातील स्टुडिओंत सरसकट ‘एडिटिंग’ किंवा ‘कलर करेक्शन’ म्हणतात. ‘संपादन’ या शब्दातून तयार चित्रात केलेला फेरफार सूचित होतो. रॉ फाईलच्या बाबतीत चित्र अद्याप तयारच झालेले नसते. फिल्मच्या काळातील ‘रोल धुणे’ हा शब्दप्रयोग या कामाच्या सर्वांत जवळचा आहे, कारण धुतल्यावाचून रोलमधले काही दिसत नसे. कॅमेऱ्याच्या पाठीमागील पडद्यावर दिसते ते रॉ चित्र नसून त्याच फाईलमध्ये कॅमेऱ्याने बनवून ठेवलेली जेपेग (दाबून लहान केलेली, लगेच पाहण्याजोगी) प्रतिमा असते. हे ध्यानात न घेतल्यामुळे ‘घेताना फोटो छान होता, संगणकावर फिका पडला’ अशी तक्रार नवशिक्यांकडून हमखास ऐकू येते.

संवेदकाला स्वतःला रंग कळत नाही. प्रत्येक प्रकाशपेशी केवळ किती प्रकाश पडला एवढेच मोजते. रंगाची ओळख पेशींवर बसवलेल्या सूक्ष्म गाळण्यांमुळे होते. या गाळण्यांची आज सर्वाधिक प्रचलित मांडणी ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची असून तिचे अमेरिकी पेटंट १९७६ मध्ये मंजूर झाले. तीत निम्म्या पेशींवर हिरवी, पाव पेशींवर तांबडी आणि उरलेल्या पाव पेशींवर निळी गाळणी असते. मानवी डोळ्याला बारकावे मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात जाणवतात, म्हणून हिरव्याचा वाटा दुप्पट आहे. याचा अर्थ २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे २ कोटी ४० लाख पेशींच्या, संवेदकावर तांबडा रंग प्रत्यक्षात ६० लाख पेशीच मोजतात. अंतिम चित्रातील प्रत्येक बिंदूच्या तीन मूल्यांपैकी एकच मोजलेले आणि दोन शेजारच्या पेशींवरून अनुमानाने भरलेली असतात. या अनुमानाला डिमोझायकिंग म्हणतात. पैठणीच्या काठावर किंवा बारीक विणीच्या शर्टावर कधी कधी उमटणाऱ्या इंद्रधनुषी लहरी हा या अनुमानाचा दोष होय.

दुसरी बाब नोंदीच्या रेखीयतेची. प्रकाश दुप्पट झाला की संवेदकाचे मूल्यही दुप्पट होते. डोळ्याचे तसे नाही. म्हणून रॉ नोंद आहे तशी दाखवली तर चित्र काळपट व निर्जीव दिसते, आणि मधल्या छटा उजळणारी वक्ररेषा लावावी लागते. १४ बिटच्या (१४ द्विमान अंकांच्या) नोंदीत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये दर रंगास २५६. रेखीय नोंदीत सर्वांत उजळ एका स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याइतक्या टप्प्याच्या) वाट्याला निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, आणि सावल्यांपर्यंत येता येता फार थोड्या उरतात. उजळ भाग फुटणार (कमाल मूल्याला भिडून तपशील गमावणार) नाहीत इतपत जास्त प्रकाश द्यावा, या २००३ च्या सुमारास प्रसार पावलेल्या सल्ल्याचे समर्थन प्रथम याच गणिताने केले गेले. पुढे काही अभ्यासकांनी दाखवून दिले की, सावल्यांतील खरी अडचण पायऱ्यांच्या टंचाईची नसून नॉइजची, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या दाणेदार खरखरीची, आहे. जास्त प्रकाशकण गोळा झाले की त्यांच्या संख्येतील नैसर्गिक चढउतार तुलनेने कमी जाणवतो, म्हणून चित्र स्वच्छ येते. दोन्ही स्पष्टीकरणांतून सल्ला एकच निघत असला, तरी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. आयएसओ (संवेदकाच्या नोंदीचे वर्धन ठरवणारे मूल्य) वाढवून चित्र उजळ केल्याने पायऱ्या अधिक वापरल्या जातात, पण प्रकाशकण वाढत नाहीत, हे त्यावरूनच उलगडते.

या पद्धतीचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. संवेदकाची मूळ नोंद जपून ठेवण्याची रीत १९९१ च्या कोडॅक डीसीएस या व्यावसायिक कॅमेऱ्यापर्यंत मागे नेता येते. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये डीसीरॉ या मुक्त प्रणालीचे लेखन सुरू केले, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या फाईली एकाच साधनाने उघडणे शक्य झाले. अडोबीचा कॅमेरा रॉ हा फोटोशॉप प्रणालीला जोडायचा भाग २००३ मध्ये आला, डीएनजी हे रॉ फाईलींचे खुले स्वरूप २००४ मध्ये आणि लाइटरूम ही रॉ संस्करणाची प्रणाली २००७ मध्ये. सामान्य छायाचित्रकाराच्या हाती हे तंत्र २००३ नंतरच आले, असे मानणे योग्य ठरेल. निकॉनने काही कॅमेऱ्यांत श्वेतसंतुलनाची (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांचा तोल साधण्याची) नोंद कूटबद्ध केल्यावरून २००५ मध्ये वाद झाला, तेव्हा फाईलमधील नोंदीवर मालकी छायाचित्रकाराची की उत्पादकाची, हा प्रश्न प्रथमच ठळकपणे पुढे आला. डार्कटेबल व रॉथेरपी या विनामूल्य प्रणालीही आज उपलब्ध आहेत.

छायाचित्र टिपल्यानंतर त्यावर काम करण्याची परंपरा खानदेशात जुनी आहे. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची छायाचित्रे घेणारे रॉबर्ट गिल १८७९ मध्ये निधन पावले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–८९) यांनी टेबलावर साध्या घरगुती वस्तू मांडून निसर्गदृश्याचा आभास निर्माण करणारी छायाचित्रे केली. रेल्वे स्थानकाजवळच्या त्यांच्या बंगल्यात आज त्यांचे संग्रहालय आहे. डार्करूममध्ये एखाद्या भागाला हाताची सावली धरून तो उजळ ठेवणे किंवा जास्त प्रकाश देऊन गडद करणे, ही त्या पिढीची कामे आता संगणकावर मास्क (चित्राचा निवडक भाग वेगळा करणारे साधन) व ब्रश यांनी होतात.

खानदेशातील प्रकाश संस्करणाची कसोटी पाहतो. एप्रिल-मे महिन्यांतील लग्नसराईत हळद बहुधा अंगणातल्या मांडवात लागते. नवरीच्या कपाळावरील ओल्या हळदीत तांबडे व हिरवे मूल्य जवळजवळ भरलेले आणि निळे नाममात्र असते. त्यात मांडवाच्या फटीतून उन्हाचा कवडसा पडला की आधी तांबडे मूल्य फुटते आणि हळदीचा पोत जाऊन तेथे लिंबाच्या रंगाचा सपाट डाग उरतो. जेपेगमध्ये तो डाग कायमचा असतो. रॉ फाईलमध्ये तिन्ही रंग एकदम फुटलेले नसतील, तर उजळ छटा खाली ओढून बोटांचे ओघळ पुष्कळदा परत मिळवता येतात. रावेर-यावलकडील केळीच्या बागेत अडचण निराळी. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने चेहऱ्यावर हिरवी झाक येते. ती काढण्यासाठी संपूर्ण चित्राची टिंट (हिरवा-किरमिजी तोल) किरमिजीकडे सरकवली, तर त्वचा सुधारते पण बाग मळकट होते. त्यासाठी चेहऱ्यापुरता मास्क करून तेवढाच रंग सुधारणे इष्ट. वरातीतील निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांपुढे मात्र श्वेतसंतुलनाचा उपाय चालत नाही. त्या प्रकाशात तांबडी तरंगलांबीच नगण्य असते, आणि जे नोंदलेच नाही ते संस्करणाने निर्माण होत नाही. दुपारच्या झळांचेही तसेच. डीहेझ हे साधन धुरकटपणा कमी करून उठाव वाढवते; परंतु तापलेल्या हवेच्या थरथरीने पुसट झालेले दूरचे शिखर त्याने रेखीव होत नाही. अशा दिवशी सकाळी लवकर जाणे हाच उपाय.

लग्नाच्या कामात सर्व चित्रे रॉमध्ये घेणे अवघड जाते. एका फाईलचा आकार २५ एमबी धरला, तरी ४,००० चित्रांना १०० जीबी लागतात, आणि सीझनमध्ये पाठोपाठ तारखा असतात. म्हणून हळद, मंगलाष्टके, पाठवणी असे मोजके प्रसंग रॉमध्ये व उरलेले जेपेगमध्ये घेण्याची तडजोड व्यवहार्य ठरते. अल्बम डिझायनरकडे जेपेगच जातात.

वन्यजीव छायाचित्रणात मात्र संस्करणाचा संयम हा शास्त्रीय प्रामाण्याचा प्रश्न होतो. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातील लहान पक्षी १८८४ नंतर नाहीसा झाला असे मानले जात होते. तो १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा आढळला. साध्या पिंगळ्यापासून तो ओळखण्याची एक खूण म्हणजे डोक्यावरील ठिपके अत्यंत अंधुक असणे. पहाटेच्या मंद उजेडात वाढीव आयएसओवर घेतलेल्या चित्रातील नॉइज काढण्याचा स्लायडर (पडद्यावरील सरकपट्टी) प्रमाणाबाहेर ओढला, तर साध्या पिंगळ्याचे ठिपकेही विरतात आणि चुकीची नोंद होण्याचा संभव राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली अलीकडची साधने तर पिसांचे तपशील अनुमानाने भरतात. सुशोभनासाठी ती उपयुक्त असली, तरी नोंदीसाठी घेतलेल्या चित्रावर ती वापरू नयेत, हे मत येथे ग्राह्य मानले आहे. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अंतिम फेरीतील चित्रांच्या मूळ रॉ फाईली मागवल्या जातात, त्याचेही कारण हेच. संस्करणातील सर्व बदल स्वतंत्र सूचना म्हणून बाजूच्या फाईलमध्ये किंवा प्रणालीच्या सूचीत साठवले जातात आणि मूळ नोंद जशीच्या तशी राहते. त्यामुळे रानपिंगळ्याच्या एखाद्या जुन्या छायाचित्राविषयी शंका निघाल्यास सर्व स्लायडर शून्यावर आणून डोक्यावरचे ठिपके पुन्हा पाहता येतात.