मुंबईची खारफुटी: दलदल, मग 'संरक्षित वन', आणि आता नुसते आकडे

वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यामुळे खारफुटीचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातल्या झाडांचा, विषय परत तापलाय आणि दोन्ही बाजूंनी नुसते झाडांचे आकडे फेकणं चालू आहे, एवढी तोडणार, एवढी लावणार, मग तुम्ही गप्प का बसत नाही. हा प्रश्न झाडांच्या मोजणीवर कसा येऊन अडकला ते कळायला थोडं मागे जावं लागतं म्हणून हे लिहितोय.

सात बेटं, भराव, गिरण्या वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देऊ. त्या काळातली एकच गोष्ट कामाची. महसुली कागदावर खाडीकाठच्या जमिनीला 'खाजण' किंवा 'खार जमीन' म्हणायचे, आणि सरकारी नजरेत ती एकतर मीठ पिकवायची जागा नाहीतर बांध घालून भात काढायची जागा. १९४८ मध्ये खारजमिनींसाठी मुंबई प्रांताने वेगळा कायदासुद्धा केला. रायगडकडे आजही जुन्या खारबांधांना उघाड्या दिसतात, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला झडप बंद, आणि हे सगळं गावकी सांभाळायची. भरतीचं पाणी कुठपर्यंत येऊ द्यायचं, कुठे अडवायचं, हे लोकांना चांगलं कळत होतं. नवीन शहराला मात्र ते पाणी नकोच होतं. शहराच्या लेखी तिवराचं (खारफुटीचाच एक प्रकार) रान म्हणजे डास, वास आणि फुकटचं सरपण.

१९७७ नंतर वांद्रे-कुर्ला पट्टा व्यापारी संकुल म्हणून विकसित करायचं ठरलं आणि मिठी नदीच्या तोंडाशी असलेली दलदल भरत गेली. वरच्या अंगाला विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळवलेलंच होतं. तेव्हा याला कोणी पर्यावरणाची हानी वगैरे म्हटलं नाही, उलट ओसाड जागेचं सोनं केलं असंच सगळे म्हणत होते.

१९९१ मध्ये किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना आली आणि खारफुटी सगळ्यात कडक वर्गात गेली. कागदावर काम फत्ते. पण खाडीकाठी राहणाऱ्या कोणालाही विचारा, नव्वदच्या दशकात डेब्रिजचे (बांधकामाच्या राडारोड्याचे) डंपर रात्रीच यायचे आणि सकाळपर्यंत अर्धा एकर तयार. खारफुटी मारायला कोयता लागतच नाही ही यातली खरी गोम आहे. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर येतात, झाड त्यांच्यातून श्वास घेतं, आणि आत आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं (पान चाटून बघा, खारट लागतं). आता तुम्ही खाडीच्या तोंडाशी दोन ट्रक माती टाकून बांध घातला, भरतीचं पाणी थांबवलं, की ते झाड उभ्याउभ्या वाळतं. किंवा उलटं, पाणी आत अडकवून ठेवलं की मुळं गुदमरतात. नंतर सरकारी माणूस येऊन बघतो तर तिथे नुसता वाळलेला पाचोळा, आणि सातबाऱ्यावर तर पहिल्यापासून 'पडीक' लिहिलेलंच आहे. तोड झालीच नाही तर गुन्हा कशाचा.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३ मिमी. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाची, तीही ओहोटी असेल तर, आणि त्या दिवशी दुपारी नेमकी मोठी भरती. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण याबाबतीत फार फेकाफेकी होते. खारफुटी शाबूत असती तर मुंबई बुडालीच नसती हे काही खरं नाही, ९४४ मिमी पाऊस कुठलंच रान पिऊन टाकू शकत नाही. पण पाणी पसरायला जी जागा लागते, भरती उतरेपर्यंत थांबायला जी जागा लागते, ती मिठीच्या काठी उरलीच नव्हती, आणि एवढं मान्य करायला कोणाची हरकत नसावी. ओडिशाचं १९९९ चं चक्रीवादळ घ्या, तिथे ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी दगावली असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. तिथला धोका मात्र समुद्राकडून आत घुसणाऱ्या लाटेचा, मुंबईचा वरून पडणाऱ्या पावसाचा. दोन्हीत खारफुटी उपयोगी पडते पण वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि आपल्याकडे सर्रास दोन्हीची भेळ केली जाते.

६ ऑक्टोबर २००५ ला हायकोर्टाचा अंतरिम आदेश आला. तो पुरामुळे आला असं बरेच जण लिहितात, पण याचिका २००४ ची, म्हणजे पुराच्या आधीची, पुराने फक्त सगळ्यांचे कान उघडले. आदेश सगळ्या राज्याला लागू होता. खारफुटी तोडायची नाही, तिच्यावर डेब्रिज टाकायचं नाही, तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम नाही, सॅटेलाइटवरून नकाशे करा, आणि सरकारी जमिनीवरची सगळी खारफुटी 'संरक्षित वन' म्हणून जाहीर करून वनखात्याकडे द्या. माझ्या मते मुंबईच्या पर्यावरणात गेल्या पन्नास वर्षांत एवढा परिणाम करणारा दुसरा कागद नाही. आणि तो कुठल्या नगररचनाकाराने लिहिला नाही, इंजिनिअरने नाही, कोर्टाने लिहिला.

आता कोर्टाने 'वन' हाच शब्द का धरला? कारण सरळ होतं. किनारपट्टीचे नियम दर काही वर्षांनी बदलतात (१९९१, २०११, २०१९, मधे दुरुस्त्या किती त्या मोजूच नका), पण एकदा जमीन वन झाली की १९८० चा वनसंवर्धन कायदा लागतो, आणि मग केंद्राच्या परवानगीशिवाय तिचा वापर बदलता येत नाही. म्हणजे कुलूप राज्याच्या दाराला आणि किल्ली दिल्लीत. कल्पना हुशारीचीच होती. पण त्यामुळे दुसरंही एक झालं, खारफुटी म्हणजे 'झाडं असलेली जमीन' हे पक्कं झालं. झाडं नसलेला चिखल, भरतीच्या पाण्याखाली जाणारी उघडी जागा, मिठागरं, हे सगळं त्या कुलपाच्या बाहेर राहिलं.

आणि कुलूपसुद्धा किती पक्कं होतं ते कांजूरमार्गला दिसलं. हे प्रकरण थोडं सविस्तर सांगतो कारण बातम्यांमध्ये ते तुकड्यातुकड्यात आलं आणि मधला दुवा बहुतेकांना माहीतच नाही. कांजूरची ठाणे खाडीलगतची १४१ हेक्टर जमीन डम्पिंग ग्राउंडसाठी २००३ पासून ठरत होती. २००५ च्या आदेशानंतर राज्याने खारफुटीच्या जमिनी संरक्षित वन म्हणून जाहीर करायला घेतल्या आणि २००८ च्या अधिसूचनेत ही जमीनही आली. मग २००९ मध्ये त्यातली ११९.९१ हेक्टर वगळली, कारण काय, तर ती चुकून घातली गेली होती. बस, एक दुरुस्ती, आणि वन गेलं. त्यानंतर शहराचा बहुतांश कचरा तिथेच जायला लागला, विक्रोळी-भांडुपकरांना वास सुरू झाला. २०१३ मध्ये एका संस्थेने याचिका टाकली आणि मे २०२५ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, हायकोर्टाने सांगितलं की एकदा जाहीर झालेलं वन केंद्राला न विचारता असं वगळता येत नाही, जमीन वनच आहे, तीन महिन्यांत काय ते करा. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, कारण रोजचे हजारो टन टाकणार कुठे याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

पालिकेची बाजू अगदीच पोकळ नाही हे मान्य आहे, २००३ च्या निर्णयात ती जागा कचऱ्यासाठी दिलेली होती आणि तिचं म्हणणं असं की २००८ चीच नोंद चुकीची. पण 'चूक' हे कारण किती सोयीचं आहे ते बघा. शिक्का मारताना घाई झाली असं म्हणून तो काढायचा, आणि तोपर्यंत जमीन इतकी बदलून टाकायची की पुढे कोर्टाला वन म्हणावंसं वाटलं तरी तिथे वन शिल्लक नाही. वर म्हटला तो नव्वदच्या दशकातला बांध घालायचा प्रकार आणि हा, फरक फक्त ट्रकच्या मालकाचा.

मधल्या काळात चांगलंही झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये राज्याने खारफुटीसाठी वनखात्यात वेगळा कक्ष काढला, देशात पहिलाच. जमिनी ताब्यात द्यायला सरकारच्याच बाकीच्या यंत्रणांनी वर्षानुवर्षं लावली, पण गस्त सुरू झाली, गुन्हे दाखल व्हायला लागले. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, साधारण १६९० हेक्टर, २०२२ मध्ये ते रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलं. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही खारफुटीची जात राज्याचा कांदळवृक्ष झाली.

१७ सप्टेंबर २०१८ ला मूळ याचिकेचा अंतिम निकाल लागला. खारफुटी नष्ट करणं हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे इतक्या स्पष्ट भाषेत. पण त्यातच एक खिडकी ठेवली गेली, सार्वजनिक हितासाठी गरजच आहे असं कोर्टाला पटलं तर परवानगी. खिडकी ठेवायलाच हवी होती, नाहीतर मलनिस्सारणाची पाइपलाइनसुद्धा टाकता आली नसती. पण तेव्हापासून प्रत्येक मोठा प्रोजेक्ट त्याच खिडकीतून आत येतो. बुलेट ट्रेनला आधी ५४ हजारांच्या आसपास झाडं जाणार होती, मग ठाणे स्टेशनची रचना बदलली आणि आकडा २२ हजारांच्या घरात आला, डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने हो म्हटलं. विरोध झाल्यामुळे निम्म्याहून जास्त झाडं वाचली याचं श्रेय द्यायलाच हवं. म्हणजे पहिल्या आराखड्यात ती उगाचच जात होती, नाही का.

'निसर्गाधारित उपाय', म्हणजे पूर वगैरेंसाठी भिंती बांधण्याऐवजी निसर्गाचाच उपयोग करायचा, हा शब्द या सगळ्यानंतर आला. जगात तो २००८ च्या आसपास कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांच्या अहवालांत दिसायला लागला, २०१६ मध्ये त्याची व्याख्या ठरली, २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत ठराव झाला. त्याच वर्षी मुंबईचा हवामान कृती आराखडा आला आणि २०२३ च्या केंद्रीय बजेटमध्ये खारफुटी लागवडीची 'मिष्टी' योजना. आता प्रत्येक सादरीकरणात खारफुटीचा हिरवा फोटो असतो. पण हिशोबाची पद्धत जुनीच राहिली, झाडं मोजा. राज्याची खारफुटी केंद्राच्या वन सर्वेक्षणाच्या २०१५ च्या अहवालात २२२ चौरस किमी होती, २०१७ मध्ये ३०४. दोन वर्षांत ८२ चौरस किमी वाढ म्हणून पाठ थोपटून झाली. आता ठाणे खाडीत काय दिसतं ते बघा, शहराचा गाळ आणि सांडपाणी येऊन खाडी उथळ होतेय आणि तिवर उघड्या चिखलावर पसरतोय. फ्लेमिंगोंना तोच उघडा चिखल लागतो, काठावरच्या कोळ्यांना निवट्या (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) तिथेच मिळतात. सरकारी तक्त्यात हिरवा रंग वाढला, खाडीत मात्र पाणी मावायची जागा कमी झाली.

मिठागरांचं तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायला मंजुरी मिळाली. तिथे झाडं नाहीत त्यामुळे तोडीचा प्रश्नच नाही, आकडा शून्य! पूर्व उपनगरातलं पाणी पावसाळ्यात तिथे पसरतं याला हिशोबात रकानाच नाही.

आणि किनारी रस्ता. वर्सोवा ते भाईंदर ४५,६७५ खारफुटी बाधित, त्यातली साधारण ९ हजार कायमची जाणार, बाकीची जागा काम झाल्यावर पूर्ववत करणार असं पालिकेचं म्हणणं. बदल्यात तिप्पट म्हणजे १ लाख ३७ हजार रोपं भाईंदरकडे, आणि वनजमीन वापरल्याची भरपाई म्हणून वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात. चंद्रपूरला! १९८० च्या कायद्याच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, तिथे हेक्टरला हेक्टर जुळलं की झालं, २००५ मध्ये ज्या कायद्याचा आधार घेऊन खारफुटी वाचवली तोच हा कायदा. डिसेंबर २०२५ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली आणि लागवडीचा अहवाल दहा वर्षं, दरवर्षी द्यायला सांगितलं. त्या अहवालात किती रोपं जगली ते येईलच, पण रस्त्याच्या खांबांखाली आणि भरावाच्या आतल्या बाजूला भरतीचं पाणी पूर्वीसारखं येतंय का, हे कोणीतरी वेगळं विचारावं लागेल, कारण तक्त्यात ते आपसूक येणार नाही.