पोटातल्या बाळाचे वजन : एका अंदाजाची पार्श्वभूमी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बाळाचे अंदाजे वजन १८५० ग्रॅम’ असे छापून आले की घरात तो आकडा दुकानातल्या काट्याइतका पक्का मानला जातो. प्रत्यक्षात यंत्राने वजन केलेलेच नसते. यंत्र काही अंतरे मोजते, त्या अंतरांवरून एक सूत्र वजन काढते आणि ते वजन कमी की पुरेसे, हे कुठल्या तरी इतर बाळांशी तुलना करून ठरते. या तीन पायऱ्या वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाल्या.

यंत्रापूर्वी हात होता. पोट चाचपून गर्भाशयाचा वरचा काठ कुठवर आला आहे हे पाहणे ही सुईणींची आणि वैद्यांची जुनी रीत होती. साधारण बाराव्या आठवड्यात हा काठ ओटीपोटाच्या हाडाच्या किंचित वर लागतो, विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीपाशी येतो आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत छातीच्या हाडाच्या टोकाजवळ पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लिओपोल्ड यांनी चाचपणीच्या चार पद्धती नीट बांधून दिल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मॅकडोनल्ड यांनी हाताच्या जागी टेप आणली. विसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून त्या वरच्या काठापर्यंतची उंची जितके सेंटिमीटर तितके साधारण आठवडे, हा हिशेब आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालतो. १९५४ मध्ये जॉन्सन यांनी त्याच टेपवरून वजनाचे सूत्र दिले : बाळाचे डोके खाली उतरलेले नसेल तर उंचीतून १२ वजा करावेत, उतरले असेल तर ११, आणि उरलेल्या आकड्याला १५५ ने गुणावे. म्हणजे उंची ३३ सेंटिमीटर आणि डोके वरच असेल तर ३२५५ ग्रॅम. आईचा बांधा, गर्भजल किंवा जुळी बाळे यांचा या गुणाकाराला काही पत्ता नसतो.

मोजमाप पोटाच्या आत शिरले ते ग्लासगोत. तेथील प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी नेल्या आणि धातूतील भेगा शोधणाऱ्या ध्वनियंत्राखाली त्या तपासून पाहिल्या. त्यांनी मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह या तपासणीवर लिहिलेला निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्या दशकात बाळाच्या डोक्याची रुंदी मोजणे सुरू झाले आणि स्ट्युअर्ट कॅम्पबेल यांनी १९६८ मध्ये ती पद्धत भरवशाची केली. १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तिमाहीतील बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून दिवस नेमके सांगता येतात, हे दाखवले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा आहे, कारण पाळीची तारीख चुकीची आठवली तर पुढची प्रत्येक तुलना बिघडते. निरोगी बाळ लहान ठरते, आणि खरोखर खुंटलेले बाळ नजरेतून सुटते.

वजनासाठी मात्र डोके पुरेना. बाळाला पोषण कमी पडले की यकृतातला साठा आधी आटतो आणि मेंदूचा वाटा शरीर बराच काळ राखून ठेवते, त्यामुळे डोके ठीक दिसत असतानाही पोटाचा घेर मागे पडलेला असू शकतो. म्हणून १९७५ मध्ये कॅम्पबेल आणि विल्किन यांनी पोटाच्या घेरावरून वजन काढले, आणि १९८५ मध्ये अमेरिकेतील हॅडलॉक यांनी डोके, पोट आणि मांडीचे हाड एकत्र करणारी सूत्रे दिली. रिपोर्टवरचे बीपीडी (डोक्याची रुंदी), एचसी (डोक्याचा घेर), एसी (पोटाचा घेर), एफएल (मांडीच्या हाडाची लांबी) हे त्याच मापांचे संक्षेप. या सूत्रांतही १० ते १५ टक्क्यांची चूक सहज होते. तीन किलोच्या बाळात ती साडेचारशे ग्रॅमपर्यंत जाते.

राहिला प्रश्न तुलनेचा. हॅडलॉक यांचा १९९१ चा वजनाचा तक्ता (कितव्या आठवड्यात बाळाचे वजन किती असते ते सांगणारा) ३९२ गर्भारपणांवर उभा होता, आणि त्यातील स्त्रिया प्रामुख्याने मध्यमवर्गीय गोऱ्या अमेरिकन होत्या. तोच तक्ता जगभरच्या यंत्रांत बसवला गेला. १९९२ मध्ये गार्डोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईची उंची, वजन, वंश व आधीची बाळंतपणे धरून प्रत्येकीचा वेगळा तक्ता काढण्याची दिशा सुचवली. ऑक्सफर्डहून चाललेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ प्रकल्पाने उलट टोक पकडले : आठ देशांतील सुदृढ, सुपोषित गर्भवती निवडायच्या आणि बाळाने कसे वाढायला हवे ते पाहायचे. भारतातले केंद्र होते नागपूर. मोजणाऱ्याच्या मनावर आकड्याचा प्रभाव पडू नये म्हणून पडद्यावरची मापे त्याच्यापासून लपवलेली असत. २०१४ मध्ये निष्कर्ष आले : परिस्थिती चांगली असेल तर लांबी आणि डोक्याच्या घेरातल्या एकूण फरकापैकी जेमतेम २ ते ३.५ टक्के वाटा ठिकाणाचा असतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे दहा देशांतील तक्ते आले, त्यांत मात्र देशादेशांत वजनाचा फरक दिसला. हा वाद मिटलेला नाही.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक धार आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. ही पुण्याची बाळे सगळीकडून सारखी लहान नव्हती : त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती आणि पोटाचा घेर सर्वांत जास्त कमी होता, तोच घेर ज्यावर वजनाची सूत्रे सर्वाधिक विसंबून असतात.